पार्किन्सन्सच्या रुग्णाची घरी काळजी घेताना आनंदी राहणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किन्सन्स हा शरीराच्या हालचाली मंदावणारा आणि वर्षानुवर्षे घरात मुक्कामाला राहणारा मेंदूचा आजार आहे. निदानानंतर पंधरा-वीस वर्षे जगणारे रुग्ण आपल्या आसपास पुष्कळ आहेत, आणि तेवढीच वर्षे त्यांच्या घरातील कोणीतरी, बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा मुलगी, त्यांच्या दिनक्रमाभोवती स्वतःचा दिनक्रम बांधत असते. इतका दीर्घ काळ ‘हे सगळे मार्गी लागल्यावर बघू’ असे म्हणत काढता येत नाही. महाराष्ट्रातील स्वमदत गटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पुढील उत्तरांत हेच शब्द वापरले आहेत. औषधांविषयी येथे जे सांगितले आहे ते केवळ समजून घेण्यासाठी आहे. मात्रा आणि वेळा न्यूरॉलॉजिस्टनेच, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञानेच, ठरवायच्या असतात.

घरात एवढे आजारपण असताना स्वतःच्या आनंदाचा विचार करणे स्वार्थीपणाचे नाही का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला बहुधा कोणीतरी बोललेले असते: नवरा अंथरुणाला टेकलेला आणि ही नाटकाला निघाली! आपल्याकडे सेवा करणाऱ्याचा चेहरा थकलेलाच असावा, अशी एक न बोललेली अपेक्षा असते, आणि ती इतरांपेक्षाही शुभंकर स्वतःकडून अधिक कठोरपणे पूर्ण करून घेतो.

सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञ महिलेने 1990च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सुरुवातीला मुलाखतींत केवळ ताणाच्या प्रसंगांविषयी विचारले जात होते. तेव्हा सहभागी झालेल्यांनीच संशोधकांना सांगितले की, आमच्या दिवसांत चांगलेही काही घडते आणि त्याविषयी तुम्ही विचारतच नाही. तो प्रश्न समाविष्ट केल्यानंतर जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत काही ना काही सुखाचा प्रसंग नोंदला गेला, आणि ते प्रसंग अगदी साधे होते: मन लावून केलेला स्वयंपाक, कोणी बोललेला एखादा चांगला शब्द, सूर्यास्त. हे लोक दुःखी नव्हते असे नाही. त्यांच्यात विषण्णता पुष्कळ होती, आणि त्याच दिवसांत आनंदही होता. आपण मात्र दुःख पुरते ओसरेपर्यंत आनंदाला दाराबाहेर थांबवून ठेवतो, आणि पार्किन्सन्ससारख्या आजारात ते ओसरण्याची वेळ येतच नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही या गोष्टीला महत्त्व आहे. 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता अशा वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, काळजीची जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, 63 टक्के अधिक आढळला. पुढे 2013 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात कुटुंबीयांची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा 18 टक्के कमी दिसला. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवल्यावर मला तरी एवढे नक्की दिसते की, काळजी घेणे हे स्वतःहून माणसाला झिजवत नाही. कोणाचा हातभार नसताना, झोप आणि माणसे गमावून ते करावे लागणे झिजवते.

औषधांच्या वेळांचा आणि आनंदाचा काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि नव्या शुभंकराने सर्वांत आधी हेच समजून घ्यावे. पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. लेव्होडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामीन होते, आणि काही काळ हालचाली सुकर होतात. आजाराला काही वर्षे झाली की पुढची गोळी घेण्याआधीच आधीच्या गोळीचा परिणाम उतरू लागतो. ज्या काळात शरीर साथ देते त्याला ‘ऑन’ आणि ज्या काळात ते जखडते त्याला ‘ऑफ’ म्हणतात. एकच माणूस सकाळी दहा वाजता स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावतो आणि दुपारी एक वाजता खुर्चीतून उठू शकत नाही. हे न समजलेल्या घरात ‘मघाशी तर चांगले चालत होतात, आता मुद्दाम करता’ असे आरोप होतात, आणि त्यातून येणारी कटुता आजारापेक्षा अधिक जाळते.

म्हणून आठवडाभर एका वहीत गोळ्यांच्या, जेवणाच्या आणि ‘ऑन’-‘ऑफ’च्या वेळा लिहून काढाव्यात. डॉक्टरांना ही वही उपयोगी पडतेच, पण तुमच्यासाठी तिचे मोल वेगळे आहे: दिवसातील चांगले तास कोणते, ते ती दाखवते. बहुतेक घरांत हे चांगले तास आंघोळ, बँकेची कामे आणि रक्ततपासणी यांतच संपतात. त्यांतील निदान एक तास कामाशिवाय एकत्र घालवण्यासाठी राखून ठेवावा आणि गोळीइतकाच काटेकोरपणे पाळावा. मित्रांना त्याच वेळी बोलवावे, बागेत त्याच वेळी जावे, नातवंडांशी पत्त्यांचा डाव त्याच वेळी मांडावा.

सणांच्या जेवणाचाही येथे विचार करायला हवा. डाळी, दूध, पनीर यांतील प्रथिने काही शुभार्थींमध्ये लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात, म्हणून गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्यास सांगतात. याचा अर्थ पुरणपोळी आणि दूध वर्ज्य झाले असा होत नाही. ताट गोळीनंतर योग्य अंतराने वाढावे, किंवा पुरणाचे जेवण रात्री ठेवावे. सणाच्या दिवशी एका माणसाच्या ताटात वेगळे पथ्याचे अन्न वाढण्यापेक्षा सगळ्या घराने जेवणाची वेळ बदलणे मला अधिक योग्य वाटते.

मी इतके करते, पण त्यांच्या चेहऱ्यावर कधी समाधान दिसत नाही. मग आनंद कसा वाटावा?

ही तक्रार पत्नींकडून सर्वाधिक ऐकू येते आणि तिच्यामागचे दुःख खरे आहे. परंतु पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायूही ताठर आणि संथ होतात. पापण्यांची उघडझाप कमी होते, हसू उमटायला वेळ लागतो, कधी ते उमटतच नाही, आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसतो. आतमध्ये भावना शाबूत असतात. त्या बाहेर आणणारी यंत्रणा मंदावलेली असते. आवाज क्षीण झाल्यामुळे ‘छान झालंय’ हे शब्दही स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाहीत. चाळीस वर्षे ज्या चेहऱ्याकडे पाहून तुम्ही घरातला मूड ओळखला, तो चेहरा आता माहिती देत नाही, एवढेच घडलेले असते.

यावर उपाय म्हणजे विचारणे आणि उत्तरासाठी थांबणे. ‘आवडलं का?’ असे विचारल्यावर उत्तर येण्यास बराच वेळ लागू शकतो. त्या शांततेत आपणच उत्तर देऊन मोकळे होण्याची सवय मोडावी लागते. काही जोडप्यांनी हाताच्या खुणा ठरवून घेतल्या आहेत: बोटे दाबली म्हणजे आवडले. मोठ्याने वाचन करणे हा आवाजासाठी चांगला व्यायाम आहे. वर्तमानपत्रातील अग्रलेख असो किंवा हरिपाठ, दररोज थोडा वेळ शुभार्थीने खणखणीत आवाजात वाचावे आणि कोणीतरी समोर बसून ऐकावे. वाणी-उपचारतज्ज्ञ उपलब्ध असल्यास त्यांच्याकडून पद्धत शिकून घ्यावी.

निराशा हा मात्र वेगळा विषय आहे. नैराश्य आणि कशातच रस न वाटणे, ही दोन्ही या आजाराची लक्षणे असू शकतात आणि ती उपचारांनी कमी होऊ शकतात. ‘स्वभावच तसा झाला’ असे मानून सोडून देऊ नये. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टला स्पष्टपणे सांगावे.

दोघांना मिळून आनंद वाटेल अशा कोणत्या गोष्टी करता येतात?

ताल आणि संगीत यांना पहिले स्थान द्यावे. पार्किन्सन्समध्ये आपोआप होणाऱ्या हालचाली बिघडतात, पण बाहेरून ताल मिळाला तर पाऊल उचलणे पुष्कळांना सोपे जाते. दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले असता ओढल्याने तोल जातो. त्याऐवजी ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा वारीतला गजर म्हणत त्याच्या ठेक्यावर पाऊल टाकून पाहावे, किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ मोजावे. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून ‘ही पट्टी ओलांडा’ असे सांगितल्यानेही अडलेले पाऊल निघते. ज्या क्षणी एरवी घरात आरडाओरडा होतो त्या क्षणी दोघे मिळून गजर म्हणत आहेत, हा बदल फार मोठा आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, त्यामागेही ताल आणि हालचाल यांचे हेच नाते आहे. अशा वर्गाला शुभंकरानेही बाहेर बाकावर बसून न राहता सामील व्हावे.

दुसरी गोष्ट म्हणजे शुभार्थीकडून काम काढून न घेणे. मटार सोलायला एक तास लागला तर लागू द्यावा. त्यांनी आयुष्यभर ज्या विषयात हुकमत मिळवली, मग ते वीजबिलांचे हिशेब असोत, रागदारीची जाण असो किंवा कुंडीतली झाडे, त्या विषयात अजूनही त्यांचा सल्ला घ्यावा आणि तो मानावा. काळजी घेता घेता पती-पत्नीचे नाते परिचारिका आणि रुग्ण एवढेच उरते, आणि त्या अवस्थेत कितीही चांगली सेवा झाली तरी दोघांनाही एकटे वाटते.

मी चिडते, कधी ओरडते, आणि नंतर रात्रभर मला अपराधी वाटते. याचे काय करावे?

चिडण्याचे प्रसंग बारकाईने पाहिले तर बहुतेक वेळा घाई हेच कारण सापडते. रिक्षा दारात उभी आहे, डॉक्टरांची वेळ झाली आहे, आणि नेमके त्याच वेळी पाऊल उचलत नाही. ताण आणि घाईमुळे पार्किन्सन्सची लक्षणे त्या क्षणापुरती वाढतात, त्यामुळे ‘लवकर, लवकर’ या शब्दांनी नेमका उलटा परिणाम होतो. बाहेर जाण्याच्या तयारीसाठी पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ धरणे, कपड्यांना बटणांऐवजी वेल्क्रो लावणे, बूट बिनलेसचे घेणे, अशा बदलांनी भांडणे जितकी कमी होतात तितकी संयम राखण्याच्या निश्चयाने होत नाहीत.

तरीही आवाज चढतोच. तो चढल्यावर सरळ क्षमा मागावी आणि विषय तेथे संपवावा. अपराधीपणाची भरपाई म्हणून पुढचे तीन दिवस स्वतःचे फिरणे बंद करणे, मैत्रिणीचा फोन टाळणे, असे शुभंकर करतात. त्यातून पुढच्या चिडचिडीची तयारी होते. मात्र हात उचलला जाईल असे वाटू लागले, किंवा ‘यांचे एकदाचे संपावे’ हा विचार वरचेवर येऊ लागला, तर त्याची लाज वाटून तो दडवून ठेवू नये. असा विचार अनेकांना येतो, आणि तो मदत मागण्याची वेळ झाल्याचे चिन्ह आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते.

रात्रीची झोपच होत नाही. दिवस आनंदात कसा जाईल?

झोप ही या सर्व चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. शुभार्थीला कूस बदलता येत नाही, लघवीला वारंवार उठावे लागते, आणि काही जण स्वप्नात पाहिलेले प्रत्यक्ष हातवाऱ्यांनी करतात: ओरडतात, लाथा मारतात. हे शेवटचे लक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यावर औषध असते. पलंगावर कमरेच्या भागात सुळसुळीत कापडाची चादर घातली तर कूस वळणे सोपे होते. संध्याकाळनंतर पाणी कमी आणि दिवसा भरपूर द्यावे. पलंगाशेजारी युरीन पॉट ठेवावा.

आणि वेगळ्या पलंगावर झोपावे. पत्नींना हे जड जाते. इतक्या वर्षांची सोबत आपण सोडली असे वाटते. शेजारच्या पलंगावर, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर झोपल्याने सोबत सुटत नाही. आठवड्यातून दोन रात्री मुलाने किंवा मदतनीसाने जागण्याची पाळी घ्यावी आणि त्या रात्री शुभंकराने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे.

ब्यूरोकडून मदतनीस मावशी किंवा मामा ठेवले की आपण जबाबदारी टाळली असे वाटते.

जबाबदारी टाळणे आणि कामाची वाटणी करणे यांत फरक आहे. मदतनीसाला कामे नेमकी सांगावीत: आंघोळ, कपडे, चालवून आणणे. गोळ्यांची वेळ, जेवताना शेजारी बसणे आणि संध्याकाळच्या गप्पा हव्या तर स्वतःकडे ठेवाव्यात. म्हणजे दमवणारी अंगमेहनत वाटली जाते आणि जवळीक तुमच्याकडे राहते. सुरुवातीला बहुतेक शुभार्थी परक्या हाताला नकार देतात. पहिले काही दिवस तुम्ही तेथेच असावे, मग अर्धा तास, मग दोन तास बाहेर जावे. उचलून बसवण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून मदतनीसाने आणि तुम्ही दोघांनीही शिकावी. शुभंकराची कंबर एकदा धरली की घराचे सगळे गणित कोलमडते.

खर्च हा खरा अडसर आहे आणि तो प्रत्येक घराला परवडेल असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जेथे परवडत नाही तेथे भावंडांनी पैशाऐवजी वार वाटून घ्यावेत. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्याला उत्तर म्हणून ‘दर बुधवारी चार ते सात तू ये’ असे ठरवून सांगावे. संदिग्ध देकार अनेक जण देतात. ठरलेला वार मागितल्यावर खरी मदत करणारे कळतात, आणि ते अपेक्षेपेक्षा जास्त निघतात.

पार्किन्सन्सचा समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांमध्ये आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास अनेक योजनांचा मार्ग खुला होतो, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी वेळीच अर्ज करावा.

येणारा प्रत्येक जण नवे औषध सुचवतो. नाही म्हटले तर नाती बिघडतात.

‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ एवढे म्हणावे आणि चहा द्यावा. एका बाबतीत मात्र ठाम राहावे. खाजकुइलीच्या बिया, म्हणजे कवचबीज, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सर्रास सुचवले जाते. त्यात लेव्होडोपाच असतो, त्यामुळे चालू गोळ्यांच्या जोडीला ते परस्पर सुरू करणे म्हणजे मात्रा नकळत वाढवणे होय. त्याचप्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे.

स्वमदत गटात जाऊन काय मिळते? तेथे सगळे आपल्यापेक्षा अधिक आजारी लोक पाहून मन खचणार नाही का?

पहिल्या भेटीत ही भीती अनेकांची खरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या टप्प्यातील शुभार्थी पाहून घरी आल्यावर रडू येते. दुसऱ्यांदा जावे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत सुरू होऊन अन्य शहरांत पसरलेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ यांच्यासारख्या संस्थांच्या सभांमध्ये व्याख्याने, व्यायाम, सहली, गाणी असे सगळे असते, आणि 11 एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन उत्साहाने साजरा होतो. परंतु खरा लाभ चहाच्या वेळी होतो. लाळ पुसण्याचा संकोच, बद्धकोष्ठतेवरचे उपाय, दिसणारे भास, या गोष्टी सख्ख्या बहिणीला सांगताना आधी समजावून द्याव्या लागतात. येथे अर्ध्या वाक्यात समोरच्याला कळतात. शिवाय हसता येते. चमच्यातली आमटी शेजाऱ्याच्या शर्टावर उडाल्याचा किस्सा सांगून शुभार्थी स्वतःच खळखळून हसवतो, आणि तेथे कोणी अवघडत नाही.

आम्ही मुले परदेशात आहोत. आई एकटी बाबांचे करते. आम्ही दुरून तिच्या आनंदासाठी काय करू शकतो?

आधी काय करू नये ते सांगतो. इंटरनेटवर वाचून उपचारांविषयी फोनवरून सूचना देऊ नयेत. जी व्यक्ती प्रत्यक्ष करते तिचा निर्णय अंतिम मानावा. आईला फोन केल्यावर पहिला प्रश्न बाबांविषयी विचारू नये. ती काय वाचते, कोणाला भेटली, गुडघा कसा आहे, हे विचारावे. काही महिन्यांनी ती फोनवर बाबांच्या गोळ्यांव्यतिरिक्त काही सांगू लागते.

व्हिडिओ कॉलची वेळ तुमच्या सोयीने न ठरवता बाबांच्या ‘ऑन’ काळाप्रमाणे ठरवावी. अमेरिकेतून पुण्यात फोन करणाऱ्यांना त्यासाठी कधी उशिरापर्यंत जागावे लागेल. ‘ऑफ’ काळात केलेल्या कॉलमध्ये बाबा बोलत नाहीत, आई दोन्ही बाजूंनी बोलते आणि सगळेच खिन्न होतात. मदतनीसाचा पगार तुम्ही परस्पर द्यावा, म्हणजे ‘एवढा खर्च कशाला’ म्हणून आई त्याला काढून टाकणार नाही. आणि वार्षिक रजा घेऊन याल तेव्हा चौघांनी मिळून महाबळेश्वरला जाण्याऐवजी त्यांतील निदान आठ दिवस बाबांसोबत तुम्ही घरी राहावे, गोळ्यांची वही तुमच्या हातात घ्यावी, आणि आईला तिच्या बहिणीकडे किंवा मैत्रिणींबरोबर सहलीला पाठवावे. ती जाण्यास नकार देईल, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावे.